गुणी मुलगी

"लहानपणी तिच्यात काही वेगळं जाणवलं होतं का?" पुण्याच्या मानसतज्ज्ञ बाईंनी मला विचारलं. शेजारच्या खुर्चीवर माझी एकोणतीस वर्षांची लेक बसली होती. मी जराही न थांबता म्हणाले, "काही नाही हो. फार गुणी मुलगी. कुणाला उलटून बोलली नाही, कसला हट्ट केला नाही. वक्तृत्वाची बक्षिसं तर इतकी, की घरातलं कपाट भरलंय."

बाईंनी लिहून घेतलं. लेक जमिनीकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर रिक्षात ती एवढंच म्हणाली, "अम्मी, तू माझ्याविषयी सांगितलंच नाहीस. मी जे करून दाखवत होते, त्याविषयी सांगितलंस."

ही 2023 सालातली गोष्ट. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, त्याहून जास्त आठवलं. हा लेख लेकीने छापायच्या आधी वाचला आहे. "माझं नाव नको, बाकी सगळं लिही," असं ती म्हणाली. म्हणून लिहिते आहे.

आमचं घर सांगलीचं. मी शाळेत मराठी शिकवायचे. घरात दखनी, बाहेर मराठी, कुराणशरीफ अरबीतून. तीन भाषा तोंडात घेऊन आमची मुलं वाढली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. लेक तिन्ही भाषा स्वच्छ बोलायची. मात्र बोलण्याच्या आधी क्षणभर थांबायची. मला वाटायचं, विचार करून बोलते. आता ती सांगते की ती मनात आधी सगळं वाक्य म्हणून पाहायची, समोरचा काय उत्तर देईल त्याचा अंदाज घ्यायची आणि मग तोंड उघडायची. तोवर बाकीच्या मुलींचं बोलणं पुढे गेलेलं असायचं.

व्यासपीठावर मात्र तिला कधी अडचण आली नाही. भाषण मीच लिहून द्यायचे. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठल्या वाक्याला उजवा हात वर न्यायचा, सगळं ती आरशासमोर बसवायची. तालुक्याला, जिल्ह्याला पहिली यायची. लोक म्हणायचे, बाईंची मुलगी, रक्तातच आहे. तीच मुलगी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे एकटी उभी असायची, हे मला तिच्या वर्गशिक्षिकेने एकदा सांगितलं होतं. मी हसून म्हटलं होतं, अभ्यासू आहे. भाषण लिहून देणारी मी होते, पण मधल्या सुट्टीचं भाषण कुणी लिहून देत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

कॉलेज संपलं, पुण्यात नोकरी लागली. 2021 मध्ये चांगल्या घरातून पैगाम आला, मंगनी झाली. पाहायला आलेल्या बायका तिच्या आदबीवर खूश होत्या. पुढचे तीन महिने होणारा नवरा रोज रात्री फोन करायचा. तिने एक वही केली होती. त्याला काय विचारायचं, तो हसला तर काय म्हणायचं, फोन किती वेळ चालला म्हणजे पुरे समजायचं, असं त्यात लिहिलेलं. वही मला फार उशिरा सापडली. एके दिवशी तिने फोन उचलणं थांबवलं. मग ऑफिसला जाणं थांबवलं. मग बोलणंच थांबवलं. मंगनी मोडली. लोक जे बोलायचं ते बोलले. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. झोप येऊ लागली, बाकी काही बदललं नाही.

दीड-दोन वर्षांनी तिने स्वतःच एक बातमी वाचली आणि मला पाठवली. बातमी क्रिस्टीन मॅकगिनेस या इंग्लंडमधल्या बाईंची होती. या बाई मॉडेल होत्या, टीव्हीवरच्या कार्यक्रमांतून घराघरांत माहीत झालेल्या. त्यांची तिन्ही मुलं ऑटिझम असलेली. मुलांविषयी समजून घेता घेता 2021 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांना कळलं की आपल्यालाही ऑटिझम आहे. 2023 मध्ये बीबीसीने त्यांच्यावर माहितीपट दाखवला. आपला मुखवटा उतरवण्याविषयीच तो होता. माझी लेक म्हणाली, "अम्मी, ही बाई मेकअप करून कॅमेऱ्यासमोर हसत होती. सगळं जग तिला बघत होतं. तरी तेहतीस वर्षं कुणाला दिसली नाही."

मला ते पटलं नाही. ऑटिझम म्हणजे न बोलणारं, हात हलवत गोल फिरणारं लहान मूल, हीच माझी समजूत होती. 2010 मध्ये 'माय नेम इज खान' आला तेव्हा आम्ही सगळे मिळून थिएटरात गेलो होतो. त्यातल्या रिझवान खानला ऑटिझमचाच एक प्रकार आहे, त्याला पिवळा रंग सहन होत नाही, मोठे आवाज सहन होत नाहीत. पण खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना त्या सिनेमात फक्त 'खान' दिसला. विमानतळावरची झडती दिसली, आपल्या नावाचा भार दिसला. रिझवानच्या स्वभावाची बाजू कुणी घरी आणली नाही. शेजारी सोळा वर्षांची माझी लेक बसली होती, तिने मध्यंतराच्या आधी दोन वेळा कानांवर हात ठेवले होते. दोन वर्षांनी 'बर्फी'मध्ये ऑटिझम असलेली झिलमिल आली. तीही माझ्या मुलीसारखी अजिबात नव्हती. झिलमिल लपवत नव्हती, तिला लपवता येतच नव्हतं.

लपवण्याला इंग्रजीत 'मास्किंग' म्हणतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये ते मोजण्यासाठी 25 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. लेकीने ती भरली आणि स्वयंपाकघरात मला वाचून दाखवली. समोरच्याची हालचाल पाहून तशीच करणं, चेहरा नीट दिसतो की नाही यावर सतत लक्ष ठेवणं, माणसांत वावरताना आपण अभिनय करतोय असं वाटणं. मी कणीक मळत होते. ती एकेक वाचत गेली आणि प्रत्येक वेळी "हो" म्हणत गेली. 2018 मध्ये झालेल्या आणखी एका संशोधनात असं दिसलं होतं की ऑटिझम असलेल्या प्रौढांत जे जास्त लपवतात, त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येण्याचा धोकाही जास्त असतो. तेवढं मात्र तिने मला वाचून दाखवलं नाही. ते मी नंतर वाचलं, आणि ती बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची ते दिवस आठवून माझे हातपाय गार पडले.

मुलींच्या बाबतीत हे असं का घडलं, त्याला इतिहास आहे. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यात 11 मुलांचं वर्णन होतं, 8 मुलगे आणि 3 मुली. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी जे लिहिलं, ते मुलग्यांवरच. पुढची तपासणी, प्रश्न, लक्षणांच्या याद्या या मुलग्यांना बघून तयार झाल्या. मग त्या याद्यांत मुलगेच जास्त सापडले, आणि हा मुलग्यांचाच विकार आहे असं ठरलं. चार मुलग्यांमागे एक मुलगी, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रमाण तीनास एक असं निघालं, आणि मुलींचं निदान निसटत असावं असंही त्यातून दिसलं.

मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. मी भाषेची शिक्षिका, हा शब्द मला आवडायचा. आता तो टोचतो. स्वतःत मग्न राहण्याची सवड माझ्या मुलीला मिळाली कधी? ती सदा दुसऱ्यांत मग्न होती. कोण कसं बघतंय, कुणाला काय आवडेल, आपला आवाज फार वर तर गेला नाही ना.

लोकांच्या नजरेसमोर असलेल्या बायकांविषयी मी वाचू लागले ते लेकीमुळे. त्यात डॅरिल हॅना ही अमेरिकन नटी भेटली. तिला लहानपणीच ऑटिझमचं निदान झालं होतं. डॉक्टरांनी तिला संस्थेत ठेवायचा सल्ला दिला होता, आईने तो मानला नाही. मोठी झाल्यावर ती सिनेमात गेली, प्रसिद्ध झाली, पण स्वतःच्याच सिनेमांच्या पहिल्या खेळांना जाणं टाळायची, मुलाखतींचे कार्यक्रम टाळायची. लोकांना वाटायचं, गर्विष्ठ आहे. ती भेदरलेली असायची. सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांना तिने आपलं निदान सांगितलं नव्हतं. ते तिने 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं. 1984 मध्ये आलेल्या 'स्प्लॅश' या सिनेमात ती जलपरी झाली होती. ती जलपरी न्यूयॉर्कमध्ये येते, एका दुकानात टीव्हीसमोर बसून एका दुपारीत इंग्रजी शिकते आणि माणसांत मिसळते. तिला फक्त पाण्यापासून जपायचं असतं, कारण पाय भिजले की शेपटी दिसते. लेकीने तो सिनेमा मला लॅपटॉपवर दाखवला. लोक हसतात त्या प्रसंगांना ती हसली नाही.

सुसान बॉयलची गोष्ट तर आम्ही घडत असतानाच पाहिली होती. एप्रिल 2009. स्कॉटलंडमधल्या छोट्या गावची सत्तेचाळीस वर्षांची ही बाई 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'च्या मंचावर आली. केस विस्कटलेले, अंगात साधा झगा. बोलताना अडखळली, मध्येच कंबर हलवून दाखवली. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या, प्रेक्षक हसले. मग तिने 'ले मिझराब्ल'मधलं गाणं म्हटलं आणि सगळे उभे राहिले. आपल्याकडच्या बातम्यांतही ते दाखवत होते. मीही आधी हसले, मग डोळे पुसले. पंधरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "अम्मी, ती गायच्या आधीच लोक का हसले? तिने काय चुकवलं होतं?" मी म्हणाले, "काही नाही, तिचं ध्यान बघून हसले." ती गप्प बसली. आज ती सांगते की त्या रात्री तिने मनाशी ठरवलं होतं, आपलं ध्यान कधी कुणाला दिसू द्यायचं नाही.

पुढे सुसान बॉयल अंतिम फेरीत दुसरी आली आणि दुसऱ्याच दिवशी थकून लंडनच्या एका मानसिक रुग्णालयात दाखल झाली. वर्तमानपत्रांनी तेही चवीने छापलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिचा पहिला अल्बम ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, असं तिला लहानपणापासून सांगण्यात आलं होतं. शाळेत मुलं तिला चिडवायची. डिसेंबर 2013 मध्ये तिने सांगितलं की वर्षभरापूर्वी तज्ज्ञांनी तपासलं, मेंदूला इजा वगैरे काही नाही, अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम आहे. आणि हे कळल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं.

मुखवटा न लावणारी बाई हसण्यावारी नेली जाते. नीट न लावणारी गर्विष्ठ ठरते. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांत रागावून बोलली, तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिच्या चेहऱ्यावरून टिंगल केली. गंभीर पुरुषाला विद्वान म्हणतात, गंभीर मुलीला हस म्हणतात. आणि जी उत्तम हसते तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, ती गुणी असते.

मुखवटा म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. "तुम्ही मुसलमान वाटत नाही हो, किती शुद्ध मराठी बोलता!" हे वाक्य आपल्यातल्या किती जणांनी हसतमुखाने गिळलं असेल! बसमध्ये फोन आला की 'अस्सलामु अलैकुम' ओठांतल्या ओठांत म्हणतो. भाड्याचं घर बघायला जाताना शब्द तोलून बोलतो. मीही स्टाफरूममध्ये आयुष्यभर जरा जास्तच गोड बोलले. पण संध्याकाळी घरी आले, पर्स खुंटीला अडकवली की तो चेहराही तिथेच टांगायचे. अंगणात पाय पसरून दखनीत मनसोक्त कुरकुर करायचे. मुखवटा असतो तो बाहेरच्यांसाठी, असं मी धरून चालले होते. माझ्या मुलीला घरी आल्यावर तो टांगायला खुंटी नव्हती. तिच्यासाठी बाहेरचं माणूस घरातच होतं. ती मी होते.

दुसऱ्या भेटीला जायच्या आधी घरात वाद झाला. तिचे अब्बा म्हणाले, "कागदावर आणू नका. पुढे कुणी पैगाम देणार नाही. धाकट्याचंही लग्न व्हायचंय." त्यांची काळजी खोटी नव्हती. आपल्या मोहल्ल्यात बातमी अजानच्या आधी पोचते. थोरली नणंद म्हणाली, अल्लाहची आजमाइश आहे, सब्र करा, बोभाटा कशाला? मी रात्रभर जागी होते. मला 'अबस' या सूरेचा प्रसंग आठवत राहिला. एक अंध माणूस काही विचारायला आला असता कपाळाला आठी पडली, म्हणून खुद्द पैगंबरांना तिथे समज दिलेली आहे. त्या अंध सहाबींना ती आठी दिसलीही नव्हती. माझ्या लेकीला तर माझी प्रत्येक आठी दिसत होती, आणि तिच्यावरून ती शिकत होती.

सकाळी मी जुना अल्बम काढला. पुतणीच्या शादीतला एक फोटो आहे. लेक आठ वर्षांची, अंगात जरीचा घागरा, चेहऱ्यावर गोड हसू. तो फोटो मी पर्समध्ये घातला.

बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी सांगितलं. तीन वर्षांची असताना माझ्या बांगड्या रंगवार लावत तासन्तास बसायची. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या कापून द्याव्या लागायच्या. कुकरची शिट्टी झाली की न्हाणीघरात पळायची. ईदला पाहुणे असेतो सगळ्यांना सलाम करायची, शीरखुर्मा नेऊन द्यायची, आणि शेवटचा पाहुणा गेला की पलंगाखाली शिरून मनगट चावायची. मी म्हणायचे, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळायचे, दम केलेलं पाणी पाजायचे. मग फोटो बाईंच्या समोर ठेवला. सांगितलं, जरीचा घागरा टोचतो म्हणून ही दोन तास रडत होती. फोटोवाला समोर आला तेव्हा मी हिच्या दंडाला चिमटा काढला आणि कानात म्हटलं, हस. ही हसली. त्यानंतर मला कधी चिमटा काढावा लागला नाही.

बाई काही बोलल्या नाहीत. लेकीने टेबलावरचा फोटो उचलून पाहिला आणि म्हणाली, "मला वाटायचं तू विसरलीस."

निदान झालं. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं, हे बाईंनी समजावलं. घ्यायचं की नाही ते लेकीने अजून ठरवलेलं नाही. ऑफिसात तिने फक्त आपल्या वरिष्ठांना सांगितलं. कानाला लावायला आवाज कमी करणारा हेडफोन घेतला. मंगनी मोडल्याचा दोष ती स्वतःला देत नाही. मीही देत नाही, पण त्यासाठी मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

एकदा मी तिला विचारलं, "तुला कधीच मोकळं वाटलं नाही का गं?" ती म्हणाली, "नमाजमध्ये वाटतं. काय म्हणायचं ते ठरलेलं, कधी वाकायचं ते ठरलेलं, आणि नजर सिजद्याच्या जागेवर. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही." माझ्या शेजारी मुसल्ला टाकून ती इतकी वर्षं नमाज पढली. मला वाटायचं, दीनदार आहे. ती आहेच. पण ती तिथे विसावा घेत होती, हे मला कळलं नव्हतं.

तिला आता कुठे काय पेलतं आणि काय नाही, हे आम्ही हळूहळू शिकतो आहोत. मला सगळं जमतं असं नाही. परवा मोहल्ल्यातली एक बाई भेटली, "मुलगी हल्ली सलाम करत नाही" म्हणाली, तर माझ्या तोंडून "तब्येत बरी नाही" असं निघून गेलं. घरी आल्यावर मला लाज वाटली. म्हणजे अजून मीच लपवते आहे.

या ईदला लेक दोन दिवसांसाठी सांगलीला आली होती. सकाळी चार घरचे लोक झाले, पाचवे आले तेव्हा ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दस्तरखानावर क्षणभर शांतता झाली. थोरल्या नणंदेने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर डोकेदुखीचं कारण आलंच होतं. पण तिचे अब्बा माझ्याआधी बोलले. शीरखुर्म्याची वाटी पाहुण्यांच्या पुढे सरकवत म्हणाले, "तिला ऑटिझम आहे. गर्दीत थकते. जरा पडू द्या तिला."

पाहुण्यांनी मान हलवली आणि बेदाणे कुठून आणले ते विचारलं.